चाफा मागितला, तर कोणता मिळेल? सारख्या नावांच्या बागफुलांची ओळख

पावसाळा तोंडावर आला की ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगतच्या आणि नवी मुंबईतल्या रोपवाटिकांमध्ये गर्दी वाढते, आणि तिथे हमखास मागितले जाणारे एक रोप म्हणजे चाफा. मागणाऱ्याच्या मनात जांभळी नाक्याच्या बाजारात पुडीत बांधून मिळणारा, केशरी-पिवळा, घमघमणारा सोनचाफा असतो. विक्रेता मात्र देवळाच्या अंगणात दिसणारा, जाड फांद्यांचा पांढरा चाफा पुढे करतो, नाहीतर नागाच्या फणीसारख्या पानांचे तिसरेच एक रोप ‘नागचंपा’ म्हणून हाती देतो. यात फसवणूक कोणाचीच नसते, कारण तिन्ही झाडांना लोक चाफाच म्हणतात. दोन वर्षांनी ज्याच्या कुंडीत बिनवासाची फुले येतात, त्याचा मात्र विरस होतो.

हा घोटाळा केवळ हौसेपुरता असता, तर त्यावर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. मे २०२४ मध्ये केरळमधील त्रावणकोर आणि मलबार या दोन्ही देवस्वम मंडळांनी आपल्या अखत्यारीतील देवळांत नैवेद्य आणि प्रसाद यांमध्ये ‘अरळी’चे फूल वापरण्यास बंदी केली. अरळी म्हणजे आपली कण्हेर. ती विषारी असल्याची चर्चा त्या वेळी पुन्हा सुरू झाली होती. मग आपल्याकडची पिवळी कण्हेर हीच का, लाल आणि पांढरी कण्हेर वेगळी का, आणि देवाला वाहिल्या जाणाऱ्या इतर फुलांचे काय, हे प्रश्न साहजिकच पडतात. त्यांची उत्तरे देण्यासाठी आधी झाडांना नावे कशी पडतात, ते पाहावे लागते.

नाव कशावरून पडते

झाडाचे रूढ नाव त्याच्या वंशावळीवरून पडत नाही. नाकाला, डोळ्याला किंवा उपयोगाच्या दृष्टीने जे आधी जाणवले, त्यावरून ते पडते. गोड, दाट वासाचे आणि मांसल पाकळ्यांचे फूल दिसले की त्याला चाफा म्हणावे, मोठ्या, थरांच्या, देखण्या फुलाला कमळ म्हणावे, असा हा व्यवहार आहे. आडनावांचेही असेच असते. कुलकर्णी हे आडनाव गावच्या हिशेबाच्या वतनी कामावरून आले. त्यामुळे ठाण्यातले कुलकर्णी आणि बेळगावातले कुलकर्णी एकाच रक्ताचे आहेत असे कोणी गृहीत धरत नाही. दोघांच्या पूर्वजांकडे एकाच प्रकारचे काम होते, एवढेच त्यावरून कळते. चाफा हे फुलांच्या जगातले असेच आडनाव आहे.

खरे नाते सांगण्यासाठी वनस्पतिशास्त्राचे तीन शब्द पुरतात. एकाच प्रकारच्या झाडांचा गट ती जाती, एकमेकींच्या जवळच्या जातींचा गट ती प्रजाती, आणि अशा अनेक प्रजाती मिळून होते ते कुल. स्वीडनचा शास्त्रज्ञ कार्ल लिनियस याने १७५३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्रत्येक वनस्पतीला दोन शब्दांचे नाव दिले. त्यातला पहिला शब्द प्रजाती सांगतो आणि दुसऱ्यामुळे जाती नेमकी ठरते. हीच पद्धत आजही जगभर चालते. नाते ठरवताना रंग आणि वास यांना फारसे महत्त्व दिले जात नाही. फुलाची आतली रचना, फळ, पानांची मांडणी आणि अलीकडे जनुके पाहिली जातात.

चाफा एक, घराणी अनेक

सोनचाफा हा मॅग्नोलिया प्रजातीतला उंच, सदाहरित वृक्ष आहे आणि तो मूळचा आपल्याच भूभागातला, म्हणजे दक्षिण व आग्नेय आशियातला. त्याच्या फुलाला ठरावीक पाच पाकळ्या नसून लांबट, मांसल पाकळ्यांचे थर असतात. फांदीवर प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक कड्यासारखा वण दिसतो, आणि फळांच्या घोसातून लालसर बिया डोकावू लागल्या की पक्षी त्यांवर येतात. बियांपासून वाढवलेले झाड फुलायला बरीच वर्षे घेते, म्हणून बाजारासाठी कलमेच लावतात. २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात असलेल्या आणि आता पालघर जिल्ह्यात गेलेल्या वसईच्या वाड्यांमधून दादरच्या फूलबाजारात सोनचाफा येतो, तोही बहुतेक कलमांवरचाच.

देवळाजवळचा पांढरा चाफा, ज्याला खुरचाफा किंवा देवचाफा असेही म्हणतात, तो प्लुमेरिया प्रजातीतला आहे. सोनचाफ्याशी त्याचे काहीही नाते नाही. तो मूळचा मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांच्या परिसरातला. पान तोडले की पांढरा चीक वाहतो. पाकळ्या पाचच आणि भिंगरीसारख्या एकमेकींवर चढलेल्या असतात. पानाच्या कडेला समांतर जाणारी एक स्पष्ट शीर असते आणि थंडीत बहुतेक पाने गळून ओक्याबोक्या फांद्या उरतात. लाल किंवा तांबडा चाफाही याच प्रजातीतला. अमेरिका खंडाशी आपला संबंध पंधराव्या शतकाच्या अखेरीनंतर आला, तेव्हा प्राचीन संस्कृत काव्यातला ‘चंपक’ हा देवळाजवळचा चाफा असू शकत नाही, तो सोनचाफाच. जुन्या काव्यावरच्या लेखांसोबत अनेकदा पांढऱ्या चाफ्याचे छायाचित्र छापलेले दिसते, ते यासाठी खटकते.

या पांढऱ्या चाफ्याचा खरा गोतावळा कोणता, हे मराठी वाचकाला आश्चर्य वाटावे असे आहे. तो करवीर कुलातला, म्हणजे कण्हेरीच्या घराण्यातला आहे. तगर, सदाफुली आणि बिट्टीही याच घराण्यातल्या.

नागचाफ्याचा घोळ सर्वांत मोठा आहे, कारण या एकाच नावाने दोन निरनिराळी झाडे विकली जातात. मूळ नागचाफा म्हणजे नागकेशराचे झाड, मेसुआ फेरिया. चार शुभ्र पाकळ्या आणि मधोमध पिवळ्या केसरांचा दाट झुबका, अतिशय कठीण लाकूड आणि कोवळेपणी तांबूस दिसणारी पालवी ही त्याची लक्षणे. श्रीलंकेचा हा राष्ट्रीय वृक्ष आहे. रोपवाटिकेत ‘नागचंपा’ म्हणून जे मिळते, ते मात्र बहुधा प्लुमेरिया पुडिका असते. पान टोकाला फणीसारखे रुंद झाल्यामुळे त्याला हे नाव पडले. सोसायट्यांच्या कुंपणालगत आणि रस्त्याकडेच्या लागवडीत हे झुडूप आता सर्रास दिसते, कारण ते लवकर वाढते, जवळजवळ वर्षभर पांढऱ्या फुलांनी भरलेले असते आणि फारशी निगा मागत नाही. मात्र त्याला वास जवळजवळ नसतोच. शोभेसाठी माझ्या मते हे झुडूप उत्तम आहे. सुगंधाची अपेक्षा ठेवून मात्र ते घेऊ नये. मसाल्याच्या दुकानात ‘नागकेशर’ मागितले तरी गोंधळ संपत नाही, कारण सुरंगीच्या वाळवलेल्या कळ्याही त्याच नावाने विकल्या जातात.

हिरवा चाफा सीताफळाच्या कुलातला आहे. ते वर चढणारे झुडूप असून फुलाच्या देठाला आकडा असतो, ज्याच्या आधाराने फांदी दुसऱ्या झाडाला अडकते. फूल आधी हिरवे असते, त्यामुळे पानांत सापडत नाही, आणि पिवळे पडू लागले की पिकलेल्या फळासारखा वास सोडते. भुईचाफा आले-हळदीच्या कुलातला असून उन्हाळ्याच्या अखेरीस, पाने येण्याआधीच, त्याची जांभळट-पांढरी फुले थेट मातीतून वर येतात. कवठी चाफा तेवढा मॅग्नोलिया प्रजातीतला, म्हणजे सोनचाफ्याचा खरा भाऊबंद. हिंदी भाषक माळ्याकडून ‘दोलनचंपा’ हे नाव ऐकले, तर तो आपला सोनटक्का समजावा. तोही आल्याच्याच घराण्यातला आहे.

हे सगळे लक्षात ठेवण्याची गरज नाही, पण लागवडीच्या वेळी एवढे तरी जाणावे की पांढऱ्या चाफ्याची फांदी कापून, चीक सुकू देऊन लावली की सहसा जगते, तर सोनचाफ्याची फांदी तशी खोचून उपयोग होत नाही, त्याचे कलमच आणावे लागते. पांढऱ्या चाफ्याला पाणी जास्त झाले तर तो कुजतो. जानेवारीत त्याची पाने गळली म्हणून घाबरून रोज पाणी घालणारे लोक त्याला त्या काळजीनेच मारतात.

कण्हेर कोणतीही असो, तोंडात जाऊ नये

आता केरळच्या बातमीकडे वळू. लाल, गुलाबी आणि पांढरी कण्हेर ही नेरियम प्रजातीतली एकच जाती आहे, रंग तेवढे निराळे. पिवळी कण्हेर, जिला आपण बिट्टी म्हणतो, ती कॅस्काबेला नावाच्या दुसऱ्या प्रजातीतली आणि मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतली. ओळख सोपी आहे. कण्हेरीची पाने एका पेरावर बहुधा तीन-तीन येतात आणि शेंगा लांब असतात. बिट्टीची अरुंद, चकचकीत पाने एकाआड एक येतात, फूल घंटेसारखे असते, फळ हिरवे, कंगोरेदार असून पिकल्यावर काळे पडते आणि कोठेही खरचटले की पांढरा चीक येतो.

इथे एक आक्षेप हमखास येतो: दोन्ही झाडे वेगळी असतील, तर केरळातल्या निर्णयावरून आपल्या बिट्टीची धास्ती कशाला? उत्तर असे, की झाडे वेगळी असली तरी घराणे एक आहे आणि विषाची जातकुळीही एकच आहे. दोन्हींच्या सर्व भागांत हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी द्रव्ये असतात; बिट्टीच्या बिया तर विशेष घातक. आयुर्वेदाने करवीराची गणना उपविषांत केली आहे, म्हणजे ही माहिती आपल्या परंपरेलाही नवी नाही. जिथे सारखी नावे बहुतेक वेळा चुकीच्या नात्याकडे बोट दाखवतात, तिथे ‘कण्हेर’ या नावाने मात्र योगायोगाने इशारा बरोबर दिला आहे.

याचा अर्थ कण्हेर उपटून टाकावी असा नाही. महामार्गांच्या दुभाजकांवर ती लावतात, कारण तिला पाणी कमी लागते आणि गुरे तिला तोंड लावत नाहीत. देवाला वाहिलेल्या फुलानेही काही बिघडत नाही. पण नैवेद्याच्या ताटात, तीर्थाच्या भांड्यात किंवा पंचामृतात ते फूल पडू देऊ नये. जिथे लहान मुले खेळतात अशा आवारात बिट्टी लावणे टाळावे, कारण तिची टणक बी हाताळायला मुलांना आवडते.

तगर, अनंत आणि काष्ठौषधींच्या दुकानातील तगर

करवीर कुलातलीच तगर ठाण्याच्या जुन्या वाड्यांपासून नव्या संकुलांपर्यंत सगळीकडे दिसते. तिच्या दुहेरी पाकळ्यांच्या प्रकाराला अनेक जण अनंत समजतात. अनंत, म्हणजे गार्डेनिया, हा कॉफीच्या कुलातला आहे. देठ मोडून पाहिला की निवाडा होतो, कारण तगरीतून पांढरा चीक येतो, अनंतातून येत नाही. अनंताचे फूल जुने होताना पिवळे पडते आणि त्याचा सुगंध लांबून येतो. तगरीचा वास त्या मानाने सौम्य असतो.

धोक्याची बाब दुसरीच आहे. आयुर्वेदिक औषधांत ‘तगर’ म्हणून जे मूळ वापरतात, ते हिमालयातल्या व्हॅलेरियाना जटामांसी या छोट्या वनस्पतीचे. अंगणातल्या तगरीशी तिचा नावापलीकडे संबंध नाही. झोपेसाठी तगर चांगली असे कोठेतरी वाचून घरच्या झाडाचे मूळ उकळून पिणे म्हणजे भलत्याच वनस्पतीचा काढा पिणे होय. सदाफुलीबाबतही असाच सावधपणा हवा. तिच्यापासून विन्क्रिस्टीन आणि विनब्लास्टीन ही कर्करोगावरील औषधे मिळतात हे खरे, पण त्यामुळेच तिची पाने मधुमेहासाठी रोज चावून खाणे हा घरगुती उपाय ठरत नाही. इतकी तीव्र द्रव्ये अंदाजाने घ्यायची नसतात.

ब्रह्मकमळ: गच्चीवरचे आणि हिमालयातले

पावसाळ्यात कोणाच्या तरी गॅलरीत ब्रह्मकमळे उमलल्याची बातमी आणि छायाचित्रे येतात. रात्री उमलून सकाळी मिटणारे हे शुभ्र फूल निवडुंगाचे आहे. एपिफायलम प्रजातीतल्या या निवडुंगाचे मूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत आहे, आणि ज्याला आपण पान म्हणतो, ते प्रत्यक्षात त्याचे चपटे झालेले खोड आहे; म्हणून तर फूल ‘पानाच्या’ कडेतून येते. उत्तराखंडाचे राज्यपुष्प असलेले ब्रह्मकमळ मात्र सॉसुरिया प्रजातीतले, सूर्यफुलाच्या कुलातले, समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरहून अधिक उंचीवर वाढणारे. केदारनाथला वाहतात ते हेच. ठाण्या-बेलापूरच्या दमट हवेत ते जगणार नाही. आणि दोन्हींपैकी एकही कमळ नाही.

मग आम्ही इतकी वर्षे पूजा केली ती चुकीची का, असे विचारले जाते. पूजेत भाव महत्त्वाचा, तिथे वनस्पतिशास्त्राला बोलण्याचे काही कारण नाही. हिमालयातले दुर्मीळ रोप म्हणून कोणी जादा पैसे मागत असेल, तिथे मात्र बोलावे. निवडुंगाचे एक तथाकथित पान ओल्या मातीत खोचले तरी रुजते, आणि भरलेले झाड एका पावसाळ्यात अनेकदा फुलते.

इंग्रजी नावांनी वाढवलेला गुंता

रोपाच्या पिशवीवरची इंग्रजी पट्टी पाहून प्रश्न सुटेल असे वाटते, पण तिथेही आडनावांचाच खेळ आहे. आपले पारिजातक ‘नाइट जास्मिन’ होते आणि रातराणी ‘नाइट ब्लूमिंग जास्मिन’. मोगरा, जाई, जुई आणि कुंद ज्या जास्मिनम प्रजातीत आहेत, तिच्यात या दोहोंपैकी कोणीही नाही. पारिजातक निदान मोगऱ्याच्या कुलात तरी येते. रातराणी थेट वांग्या-टोमॅटोच्या कुलातली आणि विषारी आहे.

मांजर पाळणाऱ्यांनी ‘लिली’ या नावाकडे विशेष लक्ष द्यावे. पुष्पगुच्छात येणाऱ्या खऱ्या लिली आणि कुंडीत लावली जाणारी डे लिली यांचे पान, पाकळी किंवा अंगावर पडून चाटले गेलेले परागकणही मांजराची मूत्रपिंडे निकामी करू शकतात. पीस लिली मात्र अळूच्या कुलातली आहे. तिच्यात अळूला खाज आणणारे तेच सुईसारखे स्फटिक असतात, त्यामुळे मांजराच्या तोंडाची आग होते, लाळ गळते, पण मूत्रपिंडे जात नाहीत. पावसाळ्यात येऊरच्या जंगलात फुलणारी कळलावी इंग्रजीत ‘ग्लोरी लिली’ म्हणवते. तिचा कंद माणसालाही प्राणघातक आहे.

आमच्या आजीचे कुठे अडत होते?

अडत नव्हते, हे मान्य करायला हवे. एका गावात ‘चाफा’ म्हटले की कोणाच्या परसातला हे सगळ्यांना ठाऊक असे, आणि औषधाला मूळ कोणते घ्यायचे हे नावावरून नव्हे, तर झाड दाखवून शिकवले जाई. ठाणे आणि नवी मुंबई या शहरांत कोकण, देश, गुजरात, केरळ आणि उत्तर प्रदेश अशा निरनिराळ्या ठिकाणांची माणसे आपापली नावे घेऊन आली. विकणारा एका भाषेतले नाव सांगतो, घेणारा दुसऱ्या भाषेतले समजतो आणि झाड दाखवणारे कोणी नसते. म्हणून रूढ नावे टाकून द्यायची नाहीत, पण सोसायटीच्या बागेत पाटी लावताना मराठी नावाखाली शास्त्रीय नाव देवनागरीत लिहिणे हा कमी खर्चाचा आणि कायमचा इलाज आहे.

यावर दुसरा आक्षेप असा, की शास्त्रीय नावेही बदलतात. ते खरे आहे. सोनचाफा पूर्वी मिशेलिया प्रजातीत होता, आता मॅग्नोलियात आहे. बिट्टी थेवेशिया होती, ती कॅस्काबेला झाली. निशिगंध पॉलिएन्थिस होता, तो आता घायपाताच्या अगावे प्रजातीत गेला. नात्याविषयी अधिक पुरावा मिळाला की नाव सुधारले जाते, पण जुने नाव पर्यायी नाव म्हणून नोंदीत राहते, त्यामुळे जुन्या नावावरूनही त्याच झाडापर्यंत पोहोचता येते. ‘नागचंपा’ या शब्दावरून तसे पोहोचता येत नाही.

मोबाईल सांगतो ना!

छायाचित्रावरून झाड ओळखणारी अ‍ॅप उपयोगी आहेत आणि प्रजातीपर्यंतचा अंदाज पुष्कळदा बरोबर देतात. पण बहुतेक लोक फक्त फुलाचे, तेही वरून, छायाचित्र काढतात, आणि सारख्या दिसणाऱ्या पांढऱ्या फुलांमध्ये फरक असतो तो नेमका इतरत्र. पाने फांदीवर जोडीने येतात, एकाआड एक येतात की तीन-तीन, फूल बाजूने कसे दिसते, फळ कसे आहे आणि देठ मोडल्यावर चीक येतो का, एवढे पाहिले तर या लेखातल्या जवळजवळ सर्व जोड्या वेगळ्या ओळखता येतात. चीक पाहताना तो डोळ्यांजवळ नेऊ नये, आणि नंतर हात साबणाने धुवावेत. अ‍ॅपने सांगितले म्हणून कोणतेही फूल, पान किंवा मूळ खाऊ मात्र नये. खाण्याच्या बाबतीत ‘बहुधा हेच’ हे उत्तर पुरेसे नसते.

मुलाने किंवा पाळीव प्राण्याने एखादे फूल वा बी चावली, तर उलटी करवण्याच्या किंवा दूध पाजण्याच्या खटपटीत वेळ न घालवता ताबडतोब रुग्णालय गाठावे आणि त्या झाडाची पाने, फूल आणि असल्यास फळ यांसह एक डहाळी पिशवीत घालून सोबत न्यावी. डॉक्टरांना ‘चाफ्याचे काहीतरी खाल्ले’ या वाक्यापेक्षा त्या डहाळीवरून कितीतरी अधिक कळते.